खाडा आणि निरोप

दुपारचे साडेतीन वाजायला पाच मिनिटे कमी आहेत. पहिल्या पाळीचा माणूस सकाळी सातपासून साच्यापाशी उभा आहे. कानांत साच्यांचा खडखडाट, भुवयांवर कापसाचे तंतू. डबा पिशवीत घालून झाला आहे आणि नजर दाराकडे लागली आहे, कारण दुसऱ्या पाळीचा सोबती यायचा आहे. भोंगा होतो. सोबती येत नाही. जॉबर येतो, घड्याळाकडे बघतो, मग ह्या दमलेल्या माणसाकडे बघतो आणि विचारतो, "काय तात्या, थांबताय का डबलला?"

हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. १९७४ साली मी परळच्या बाजूच्या एका गिरणीत कारकून म्हणून लागलो. रजेचे अर्ज घेणे, खाड्यांचे पुस्तक ठेवणे आणि न येणाऱ्यांना पत्रे धाडणे हे माझे काम. त्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत, आणि जुन्या चिमण्या क्वचित कुठे शोभेला ठेवलेल्या दिसतात. पण पाळी काही गेलेली नाही. रुग्णालयातली परिचारिका, सोसायटीचा रखवालदार, एस.टी.चा कंडक्टर, हॉटेलातला आचारी, रात्रभर टेलिफोनवर बोलणारी मुले, हे सगळे पाळीचेच लोक. त्यांच्यासाठी आजचा विषय आहे : कामावर येणे जमणार नाही, हे नीट कसे कळवावे.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात सांगण्यासारखे काय आहे? येत नाही म्हणायचे, झाले! पण मी पंधरा-वीस वर्षे खाड्यांचे पुस्तक सांभाळले आहे, म्हणून सांगतो, ह्या साध्या गोष्टीत चांगली चांगली माणसे चुकतात. आणि चुकतात ती बहुधा आळसाने नाही, संकोचाने.

खाडा दोन तऱ्हांचा. एक सांगून केलेला, एक न सांगता झालेला. पगार दोन्हींत तेवढाच जातो. म्हणून पुष्कळांना वाटते की सांगितले काय न सांगितले काय, पैसे कापले की हिशेब मिटला. गिरणीच्या फाटकावर सकाळी साडेसहाला जो उभा राहिला असेल, तो असे म्हणणार नाही. तिथे बदलीवाले उभे असत. बदलीवाला म्हणजे ज्याचे नाव कायम नोकरीत नाही, पण कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी ज्याला काम मिळते, असा माणूस. त्यांना कार्डे दिलेली असत. ही कार्डांची पद्धत मुंबईच्या गिरण्यांत १९३० नंतरच्या दशकात आली. त्याआधी कोणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे, आणि मर्जी राखायला पैसे मोजावे लागत. असो. तर हा बदलीवाला हातात कार्ड घेऊन रोज पाळीच्या आधी येई. खात्यातून आकडा येई, आज अमुक इतके कमी आहेत. तेवढे आत घेतले जात. बाकीचे थोडा वेळ रेंगाळत आणि चहा पिऊन घरी जात. त्यांचा तो दिवस कोरडा.

समजा, तुम्हाला रात्री ताप भरला आणि तुम्ही मुलाला सकाळी सहाला फाटकावर धाडलेत. "बाबा आज येत नाहीत," एवढेच त्याने हजेरीबाबूला सांगितले. पुढच्या दहा मिनिटांत तुमचे दोन साचे एका बदलीवाल्याच्या हाती गेले, आणि त्याच्या घरी त्या दिवसाचे पैसे गेले. तुम्ही काही कळवले नाहीत, तर जॉबर पाव तास वाट बघणार, अर्धा तास वाट बघणार, आणि फाटकावर माणूस धाडीपर्यंत बदलीवाले पांगलेले असणार. साचे थांबले, मालकाचे नुकसान झाले, ते मालक बघून घेईल. पण परत गेलेल्या त्या माणसाची रोजी बुडाली आणि आदल्या पाळीच्या तात्याला डबल करावी लागली. तुमचा निरोप ह्या दोघांसाठी असतो. साहेबांच्या टेबलावरून तो जातो, इतकेच.

काही कामांत तर सोबती आल्याशिवाय जागा सोडताच येत नाही. रेल्वेच्या १९७६ च्या सर्वसाधारण नियमांत हे स्पष्ट लिहिलेले आहे. परवानगीवाचून गैरहजर राहायचे नाही, परस्पर पाळीची अदलाबदल करायची नाही, आणि कामावर असताना आजारी पडले तरी ताबडतोब वरिष्ठाला कळवायचे व लायक माणूस ताबा घेईपर्यंत जागा सोडायची नाही. पॉइंट्समनने किंवा स्टेशनमास्तरने हा नियम मोडला तर काय होईल, हे मी सांगायला नको. वॉर्डातल्या परिचारिकेचेही तसेच. चार्ज घ्यायला दुसरी आली नाही, तर पहिलीने चार्ज द्यायचा कोणाला? तिचे मूल पाळणाघरात वाट बघत असते, ते आपल्याला दिसत नाही.

बरे, मग कळवायचे कसे? पहिली गोष्ट, जो माणूस तुमच्या जागी दुसरा लावू शकतो, त्यालाच कळवा. शेजारच्या साच्यावरच्या दोस्ताला सांगणे म्हणजे कळवणे नव्हे. दोस्त विसरतो, दोस्ताचीही लोकल चुकते, आणि कधी कधी दोस्तही त्याच दिवशी खाडा करतो. दोस्ताकडे चिठ्ठी द्या, हरकत नाही, पण चिठ्ठीवर नाव जॉबरचे किंवा हजेरीबाबूचे असू द्या. दुसरे, कळल्याबरोबर कळवा. मध्यरात्री ताप चढला तर सकाळी उतरेल म्हणून वाट बघणारे पुष्कळ. आशा चांगली, पण पाळीच्या वेळेला आशेचा उपयोग नाही.

निरोपात काय असावे? नाव, तिकीट नंबर, खाते, पाळी. किती दिवस येणार नाही. ह्या दिवसांत कुठे सापडाल. आणि कारण एका शब्दात. बस्स. आमच्याकडे एक रिंगखात्यातला माणूस होता, त्याचा मुलगा अशी चिठ्ठी आणी की ती कोणत्याही कचेरीत चौकट करून लावावी : "अमुक नंबर, दुसरी पाळी, ताप आहे, आज व उद्या येत नाही, परवा सकाळी पुन्हा कळवतो, घरीच आहे." ह्यातले "परवा सकाळी पुन्हा कळवतो" हे सोन्याचे शब्द. आजार किती दिवसांचा हे डॉक्टरलाही आधी कळत नाही, तुम्हाला कुठून कळणार? पण पुन्हा केव्हा कळवणार, हे तर तुमच्या हातात आहे.

सर्वांत वाईट निरोप कोणता, सांगू? "बघतो, जमलं तर येतो." माणूस हे नम्रपणाने म्हणतो. त्याला वाटते, अगदी नाही म्हणण्यापेक्षा हे बरे दिसते. पण ह्या वाक्याने जॉबरचे दोन्ही हात बांधले जातात. बदली घ्यावी तर हा येऊन उभा राहील, न घ्यावी तर साचा रिकामा. येणार नसाल तर येणार नाही म्हणा. उशिरा येणार असाल तर किती वाजता, ते सांगा.

कारणाबद्दल थोडे सांगायला हवे. आमच्या वेळी तारेचा जमाना होता. ती सेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली, तेव्हा मला एका तारेची फार आठवण झाली : "मदर सीरियस कम सून". ही तार घेऊन लोक माझ्या टेबलापाशी येत. खरी किती आणि मुद्दाम मागवलेली किती, हे मी विचारले नाही. पण काही आया दर शिमग्याला आणि दर गणपतीला आजारी पडत, हे मी बघत होतो. एकदा एकाला मी बाजूला घेऊन विचारले, खरे सांग, काय काम आहे? तो म्हणाला, "साहेब, बहिणीला बघायला येणार आहेत. पण एवढ्याशा कामाला रजा कोण देईल?" अहो, बहिणीचे लग्न ठरणे हे एवढेसे काम? त्याला ते पुरेसे वाटले नाही, म्हणून त्याने धडधाकट आईला अंथरुणावर निजवले!

कारण किरकोळ वाटले म्हणून खोटे सांगू नका. "घरचे काम आहे" हे पूर्ण वाक्य आहे. सगळी कहाणी सांगायला तुम्ही बांधलेले नाही. खोटे आजारपण सांगितले की त्याला दाखला लागतो, दाखल्याला डॉक्टर लागतो, आणि एका दिवसाच्या रजेसाठी माणूस तीन दिवस धावतो.

खरे आजारपण असेल तर दाखला अवश्य घ्या. कामगार राज्य विमा योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि पुढे आपल्याकडे आली. ज्यांचा विमा आहे व हप्ते भरलेले आहेत त्यांना आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के हिशेबाने वर्षात ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. मात्र दाखला आणि निरोप ही दोन वेगळी कामे आहेत. दाखला नंतर आणला तरी चालतो, निरोप त्याच दिवशी जायला हवा. आणि ताप घेऊन, अंग कापत असताना यंत्रापाशी जाऊन उभे राहणे ह्यात काही मर्दुमकी नाही. तशा माणसाची दोन बोटे गेलेली मी पाहिली आहेत.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे.

१९७८ साल. साचेखात्यात पाटण तालुक्यातला एक माणूस होता. चौदा वर्षांची नोकरी, खाडे जवळजवळ नाहीत. जुलैत भाताच्या लावणीला त्याने आठ दिवसांची रजा घेतली. अर्ज मीच भरून घेतला. त्या छापील अर्जात खाली एक ओळ होती, "रजेच्या काळातील पत्ता". मी विचारले, पत्ता? तो म्हणाला, "गावाकडचाच की." मागे रांग होती. मी ती ओळ कोरी ठेवली आणि पुढच्याला बोलावले.

गावी गेल्यावर त्याच्या थोरल्या भावाचा पाय मोडला. पाऊस लागलेला, रोपे वाढलेली, लावणी अर्धी. हा थांबला. आठाचे वीस दिवस झाले. इकडे रजा संपली तशी मी नियमाप्रमाणे पत्र धाडले, आणि ते धाडले लालबागच्या गाळ्यावर, कारण माझ्या पुस्तकात तोच पत्ता होता. गाळ्यातल्या गाववाल्यांनी ते पत्र नीट जपून गजराच्या घड्याळाखाली ठेवले. तो येईल तेव्हा देऊ म्हणून.

तो विसाव्या दिवशी मुंबईला आला, आणि एकविसाव्या दिवशी पहाटे फाटकावर त्याला अडवले. केंद्र सरकारच्या नमुना स्थायी आदेशांत असे होते की रजा संपल्यावर आठ दिवसांच्या आत माणूस परतला नाही आणि समाधानकारक कारण दिले नाही, तर कायम जागेवरचा त्याचा हक्क जातो व त्याचे नाव बदलीच्या यादीत ठेवायचे. आमच्याकडचा नियमही त्याच धर्तीचा होता. मी त्याला विचारले, "अरे, एक पोस्टकार्ड टाकायचे होतेस!" तो म्हणाला, "साहेब, लिवायचं काय? मला लिवता येत न्हाई. दुसऱ्याला सांगायचं म्हंजे घरातलं समदं सांगायचं. म्हनलं, आपन जाऊन तोंडानं सांगू."

मी वर जाऊन सांगितले की अर्जातली ओळ मीच कोरी ठेवली आहे. उत्तर मिळाले, पत्ता देणे हे कामगाराचे काम. चौदा वर्षे कायम असलेला तो माणूस दुसऱ्या दिवसापासून कार्ड घेऊन बदलीवाल्यांत उभा राहू लागला. विशीतली पोरे त्याला पुढची जागा देत. त्यामुळे त्याला अधिकच लाज वाटे.

पुढे कायद्याची नजर बदलली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव यांच्या खटल्यात सांगितले की आठ दिवसांहून अधिक न कळवता गैरहजर राहिला म्हणून नोकरी आपोआप संपली असे धरता येणार नाही, त्या माणसाचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे. त्याला परत कामावर घेण्याचा हुकूम झाला. चांगले झाले. पण न्यायालयात जाण्यापेक्षा पोस्टाच्या पेटीपर्यंत जाणे केव्हाही जवळ.

हक्काच्या रजेचे नियम ठाऊक असलेले बरे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती. अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा, मात्र ही रजा आजारपणासाठी हवी असेल तर पंधरा दिवसांची अट नव्हती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेत २४० चे १८० दिवस झाले. दुकानांसाठी व कचेऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली जो कायदा केला, त्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक पगारी रजा धरली आहे. अचानक उद्भवलेल्या कामाबद्दल नमुना स्थायी आदेशांतले शब्द मला फार शहाणपणाचे वाटत : एरवी आधी परवानगी घ्यावी, ते शक्य नसेल तर शक्य तितक्या लवकर, गैरहजर आहोत हे आणि अंदाजे किती दिवस, हे लेखी कळवावे. आणि खाडा एका दिवसाचा असेल तर पगारही एकाच दिवसाचा कापता येतो, शिक्षा म्हणून दोन दिवसांचा नाही. हे १९३६ च्या मजुरी कायद्यापासून चालत आलेले आहे. दहा किंवा अधिक माणसे मिळून, सूचना न देता, सबळ कारणावाचून गैरहजर राहिली तर हिशेब निराळा, पण तो आजचा विषय नव्हे. तसा संपही खाड्यात मोडत नाही. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सगळे गिरणगाव कामावर गेले नाही, तेव्हा माझे खाड्यांचे पुस्तक टेबलावर उघडे पडलेले असे आणि त्यात काय लिहावे मला सुचत नसे.

आता प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे. आम्हाला इराण्याच्या हॉटेलात जाऊन, त्याची मर्जी सांभाळून फोन करावा लागे. तरीही तक्रार तीच. माझी भाची एका रुग्णालयात पाळ्या लावते. ती सांगते, "मामा, रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर कोणीतरी लिहितं, 'उद्या येत नाही', आणि झोपी जातं. मी पहाटे उठून बघते तोवर माझ्याकडे तासही उरलेला नसतो." गटावर चाळीस माणसे असतात. सगळ्यांना सांगितले म्हणजे कोणालाच सांगितले नाही. फोन करा, उचलेपर्यंत करा, आणि मग बोललेलेच दोन ओळींत लिहून पाठवा, म्हणजे पुढे "मला कोणी कळवलं नाही" असे कोणी म्हटले तर तुमच्यापाशी कागद राहतो. मिस्ड कॉल हा निरोप नव्हे, हेही सांगून ठेवतो.

आणि दोन शब्द त्यांच्यासाठी, जे निरोप ऐकून घेतात. आमच्याकडे एक अधिकारी होते. कोणी येत नाही म्हणून सांगायला आला की ते त्याला उभे करून पाव तास उलटतपासणी घेत. काल तर बरा होतास, कोणता डॉक्टर, घरात दुसरे कोणी नाही काय? जो न सांगता राहिला, तो मात्र समोर नसल्यामुळे सुटे. दुसऱ्या दिवशी आला की तोवर साहेबांचा राग उतरलेला. सहा महिन्यांत त्या खात्यात निरोप येणे जवळजवळ थांबले. मग साहेब म्हणू लागले, कामगार फार बेजबाबदार झाले आहेत. साहेब, निरोप आला की आधी "ठीक आहे, बदली लावतो" म्हणा. चौकशी करायचीच असेल तर तो माणूस बरा होऊन आल्यावर करा.

पाटणचा तो माणूस वर्षभराने पुन्हा कायम झाला. चौदा वर्षे मात्र पुसली गेली, नवा तिकीट नंबर मिळाला. पुढच्या लावणीला तो रजेचा अर्ज घेऊन माझ्यापाशी आला. मागे नेहमीसारखी रांग होती. मी खालच्या ओळीपाशी आलो आणि लेखणी थांबवून त्याच्याकडे पाहिले. त्याने वाडीचे नाव सांगितले, गाव सांगितले, पोस्ट सांगितले, तालुका, जिल्हा, सगळे सावकाश सांगितले. मी लिहिलेले मला वाचून दाखवायला लावले, एकदा नाही, दोनदा. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "आनि पोस्टमन वाडीवर आठवड्यातनं एकदाच येतो साहेब, बेस्तरवारी. त्ये बी लिवा."